एका हरिणाची दिनचर्या

मृगया हा शब्द आपल्या घरांतून आतां पोथीपुरताच उरला आहे. दशरथाची मृगया, पांडूची मृगया, दुष्यंताची मृगया या कथा आपण सर्वांनीं लहानपणीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या. आणि त्या एका दिवसानें त्या त्या राजाच्या आयुष्यास कसें वळण लागलें हेंही आपणांस ठाऊक आहे. मनुस्मृतींत तर राजाच्या कामज व्यसनांची गणना करतांना आरंभच मृगयेपासून केला आहे. परंतु संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास शब्दाच्या मुळाशीं गेल्यावांचून चैन पडत नाहीं. मृग् या धातूचा वैयाकरणांनीं दिलेला अर्थ ‘मारणें’ असा नाहीं. ‘अन्वेषण’, म्हणजे शोधणें, असा आहे. ज्यास शोधावें लागतें तो मृग, व शोधण्याचें कर्म ती मृगया. त्या धातूंत धनुष्यही नाहीं आणि बाणही नाहीं.

हा अर्थ आम्ही वर्गांत तीस वर्षें सांगत आलों. तो प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र निवृत्तीनंतर, आणि तोही परदेशीं आला. आमचे चिरंजीव अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत, गनिसन नांवाच्या लहानशा गांवीं, अध्यापक होते. २०१९ सालीं जुलैपासून डिसेंबरपर्यंत आम्ही उभयतां त्यांच्याकडे राहिलों. गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ७,७०० फूट उंचीवर. हिंवाळ्यांतील थंडीबद्दल त्याची मोठी ख्याति. सभोंवार डोंगर. खालच्या उतरणींवर ‘सेजब्रश’ नांवाचें करड्या पानांचें, उग्र वासाचें झुडूप माळच्या माळ व्यापून असतें; त्याच्या वर अ‍ॅस्पेन वृक्षांचीं बनें, त्याहून वर सूचिपर्णी वृक्षांचें अरण्य, आणि अखेरीस उघडे खडक.

आमच्या शेजारीं टपालखात्यांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. वयानें आमच्याहून थोडे वडील, बोलणें मोजकें. ऑगस्टच्या आरंभीं ते रोज पहाटे चार वाजतां मोटार काढून कोठें जातात, याचें आम्हांस कुतूहल वाटलें. चौकशी करतां कळलें कीं, गृहस्थ हरिणाच्या शिकारीच्या तयारींत आहेत. आणि शिकार तर नोव्हेंबरांत! परीक्षेच्या तीन महिने आधीं आपण होऊन अभ्यासास बसणारा विद्यार्थी आम्हांस उभ्या नोकरींत फार क्वचित् भेटला होता. तेव्हां या विद्यार्थ्याबरोबर आपणही जाऊन पाहावें, असें मनांत आलें. आम्ही शाकाहारी आहों, व शिकारीच्या दिवसांत बरोबर येणार नाहीं, हें त्यांस प्रथमच सांगून टाकलें. त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, दोन तास न बोलतां बसतां येईल काय? जन्मभर शाळामास्तरकी केलेल्या माणसास हा प्रश्न अवघड होता. पण आम्ही होकार दिला.

आतां या हरिणाची ओळख करून देणें अवश्य आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागांत, कॅनडाच्या युकॉन प्रदेशापासून मेक्सिकोपर्यंत, त्याची वस्ती आहे. इंग्रजींत त्यास ‘म्यूल डीअर’ म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. १८०४ ते १८०६ या वर्षांत लुईस व क्लार्क यांची मोहीम पश्चिम सागरापर्यंत जाऊन आली, तेव्हां त्या मंडळींनीं या प्राण्याचे लांबरुंद कान पाहून हें नांव वापरलें; आणि शास्त्रीय नांवांतील ‘हेमिओनस’ या पदाचा ग्रीक अर्थही ‘अर्धगर्दभ’, म्हणजे खेचरच. आम्ही या लेखापुरतें त्यास खेचरकर्ण म्हणूं. कान चांगले नऊ-दहा इंच लांब, व दोन्ही निरनिराळ्या दिशांस वळणारे. शेपटी बारीक, पांढरी, टोंकास काळी. आपल्या चितळाच्या शिंगांत एका लांब दांड्यास फांटे फुटतात. याचें शिंग वर जाऊन दुभंगतें, आणि ते दोन फांटे पुन्हां दुभंगतात. भ्याला म्हणजे हा प्राणी नुसता धांवत नाहीं, उसळतो. चारही पाय एकदम उचलतो व एकदम टेकतो. खडकाळ चढणीवर असा चार उड्यांत दिसेनासा होतो. मात्र पुष्कळदां टेकडीच्या माथ्यावर क्षणभर थांबून मागें वळून पाहतो, आणि ही एक खोड त्यास कधीं कधीं भोंवते.

वाचकांस वाटेल कीं, बंदूक घ्यावी, रानांत जावें आणि हरिण मारावें, इतकेंच हें काम असेल. तसें तेथें चालत नाहीं. कोलोरॅडोंत १९९९ सालापासून हरिणाचा प्रत्येक परवाना मर्यादित संख्येनें, सोडत काढून दिला जातो. अर्ज वसंतांत करावयाचा. चांगल्या विभागासाठीं वर्षानुवर्षें थांबावें लागतें, व नांव न लागलेल्या प्रत्येक वर्षाचा एक गुण पुढच्या सोडतीस जमेस धरतात. विभाग कोणता, हंगाम कोणता, नर कीं मादी, हें सर्व परवान्यावर नेमलेलें. सूर्योदयापूर्वीं अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत एवढीच वेळेची मुभा. रायफल घेऊन जाणारानें अंगावर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी वस्त्र व तशीच टोपी घालावयाची. २०१६ पासून गुलाबीही चालते. माणसाच्या डोळ्यांस तो रंग दुरून दिसतो. हरिणास मात्र तांबडा-नारिंगी आणि हिरवा यांतील भेद फारसा कळत नाहीं. १९४९ च्या १ जानेवारीस किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकास शिकारीचें शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. मारलेल्या जनावराचें खाण्याजोगें मांस रानांत टाकून येणें हा गुन्हा आहे. शेजारी गृहस्थांस हा परवाना पांच वर्षें वाट पाहून मिळाला होता. एक नर, आणि नोव्हेंबरच्या आरंभींचे नऊ दिवस. साधलें तर साधलें, नाहीं तर पुन्हां सोडत.

ऑगस्टांत खेचरकर्णाचे नर उंचावर, अरण्याची हद्द संपते तेथें, तीन-चारांच्या टोळीनें राहतात. माद्या पाडसांसह निराळ्या. आमच्या शेजाऱ्यांचा पहिला नियम असा कीं, जवळ जावयाचेंच नाहीं. समोरच्या डोंगरावर, मैलभर दूर, सूर्य पाठीशीं ठेवून बसावयाचें आणि दुर्बीण गुडघ्यावर टेकून समोरची उतरण पुस्तकाच्या ओळींप्रमाणें डावीकडून उजवीकडे वाचावयाची. सबंध हरिण शोधूं नका, असें ते सांगत. एक कान शोधा, पाठीची आडवी रेघ शोधा. रानांत उभ्या रेघा पुष्कळ असतात, आडवी रेघ बहुधा जनावराची. अशा रीतीनें आम्हांस चार नर सांपडले. त्यांतील सर्वांत थोराच्या उजव्या कानास टोंकाकडून चीर गेलेली होती. तोच त्यांनीं अभ्यासास घेतला. त्यांच्या खिशांत एक वही असे. तींत वेळ, वारा, आकाश, कोठें चरला, कोठें बसला, कोठून उठला, अशीं सदरें आंखलेलीं. आमच्या हजेरीपटाहून ती वही अधिक नेटकी होती, हें आम्ही मोकळ्या मनानें लिहून ठेवतों.

तीन आठवड्यांत त्या नराची दिनचर्या वहींत उतरली. उजाडतांना तो उघड्या उतरणीवर चरत असे. सरसकट गवत तो खात नाहीं. झुडपांचे कोंवळे शेंडे, रसाळ पालेभाजीसारख्या वनस्पति, हें निवडून खातो. आपल्या गाईप्रमाणें यासही चार कप्प्यांचें पोट. उघड्यावर घाईनें पोट भरावयाचें आणि सुरक्षित जागीं बसून रवंथ करावयाचें, हा त्याच्या आयुष्याचा क्रम. ऊन चढूं लागलें कीं तो वर सरके, आणि डोंगराच्या माथ्याखालीं, एका वृक्षाच्या सावलींत, खालच्या बाजूकडे तोंड करून बसे. अकराच्या सुमारास हटकून उठे, आळस देई, चार पावलें सरकून पुन्हां बसे. कारण सावली सरकलेली असे. सायंकाळीं उन्हें उतरलीं कीं पुन्हां खालीं.

या बसण्याच्या जागेंत मोठें गणित होतें. डोंगरावर रात्रीं थंड हवा उतारावरून खालीं वाहते, व सूर्यानें उतरण तापली म्हणजे हवा वर चढूं लागते. दिवसा माथ्याखालीं बसणाऱ्यास खालून येणाऱ्याचा वास आपोआप पोंचतो. माथ्यावरून पलीकडचा वारा येत असेल तर पाठीमागची वर्दी तो आणतो. आणि समोरचा प्रदेश डोळ्यांपुढें असतोच. डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्यानें जवळजवळ चहूंकडचें दिसतें, आणि हालचाल तर तत्काळ टिपली जाते. तरी त्याचा खरा विश्वास नाकावर. शेजारी गृहस्थ एका लहान बाटलींत पिठीसारखी पूड ठेवीत. दर पांच मिनिटांनीं चिमूटभर हवेंत सोडून वारा पाहत.

आम्ही विचारलें कीं, आतां वेळापत्रक हातीं आलें. मग पुढें काय राहिलें? ते म्हणाले, हें वेळापत्रक ऑगस्टचें आहे. महिनाभरानें यांतील एकही ओळ उपयोगी पडणार नाहीं. त्या वेळीं उपयोगी पडेल ती फक्त प्रत्येक ओळीपुढची ‘कां’ची खूण. वही नीट पाहिली तेव्हां दिसलें कीं, शेवटचें सदर कारणाचें होतें. येथें बसला, कारण सावली. येथून गेला, कारण वारा फिरला. आज उतरला नाहीं, कारण खालीं घोडेस्वार होते. कारण न कळलें तेथें जागा कोरी. हें पाहून आम्हांस यास्काचार्यांची आठवण झाली. अर्थ न जाणतां वेद पाठ करणाऱ्यास निरुक्तांत ओझें वाहणाऱ्या खुंटाची उपमा दिलेली आहे. जनावराची सवय पाठ करणें निराळें, आणि त्या सवयीचा अर्थ लावणें निराळें.

सप्टेंबर लागतांच त्यांचें बोलणें खरें ठरूं लागलें. उन्हाळाभर शिंगांवर मखमलीसारखी लवदार त्वचा असते. तींतून रक्त वाहतें व त्यावरच शिंग वाढतें. वाढ पुरी झाली कीं ती त्वचा सुकते, आणि नर झाडाझुडपांवर शिंगें घांसून ती काढून टाकतो. ज्या शिंगांस धक्का लागूं नये म्हणून तो उघड्यावर वावरत होता तीं आतां कठीण झालीं. त्याच सुमारास अंगावरची तांबूस केंसांची उन्हाळी कात जाऊन करडा हिंवाळी रंग येतो, आणि सेजब्रशच्या माळांत उभें असलेलें जनावर दगडापासून ओळखूं येत नाहीं. टोळी फुटते. नर एकटे, संशयी व रात्रीं हिंडणारे होतात. आमचा चिरल्या कानाचा नर १४ सप्टेंबरला दिसला, आणि त्यानंतर पांच आठवडे दिसला नाहीं. पुष्कळ शिकारी येथें धीर सोडून दुसरें जनावर पाहूं लागतात. आमचे शेजारी मात्र रोज जातच होते. फरक इतकाच कीं, आतां ते हरिण न शोधतां कारणें शोधीत होते. कोणत्या उतरणीवर कोणतें झुडूप अजून कोंवळें आहे, पाणी कोठें उरलें आहे, कोणत्या वाटेनें मोटारी जातात, हें टिपण्यांत महिना गेला.

येथें थोडें विषयांतर करून एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोलोरॅडोच्या उत्तरेस वायोमिंग राज्य आहे. तेथील संशोधकांनीं खेचरकर्णाच्या गळ्यांत संदेश देणारे पट्टे बांधून त्यांचे मार्ग शोधले. रेड डेझर्ट नांवाच्या रुक्ष प्रदेशांतून होबॅक खोऱ्यापर्यंत हरिणें वसंतांत सुमारें १५० मैल जातात व शरदांत तितकींच परत येतात, हें या अभ्यासांतून २०१४ सालीं जगापुढें आलें. एक मादी तर २४० मैलांहून अधिक दूर, आयडाहो राज्यांत, जात असल्याचें पुढें आढळलें. वसंतांत बर्फ वितळत वर सरकतें, त्यामागोमाग कोंवळा पाला फुटत जातो, आणि त्या हिरव्या लाटेच्या पाठोपाठ हीं जनावरें चालतात. वर्षानुवर्षें तीच वाट, तेच मुक्काम. ही वाट त्यांच्या स्मरणांत असते, आणि पाडसें ती आईमागें चालून शिकतात. तेव्हां कुंपण घालून किंवा रस्ता बांधून एक वाट मोडली म्हणजे नुसती पायवाट मोडत नाहीं, पिढ्यांची परंपरा मोडते. पाइनडेल गांवाजवळ २०१२ सालीं राजमार्गावर केवळ वन्य पशूंकरितां पूल व खालून भुयारी वाटा बांधल्या, त्या याच विचारानें.

गनिसनलाही ऑक्टोबरच्या अखेरीस हिम पडलें. वरच्या उतरणी झांकल्या. त्याआधींच्या हंगामांतील शिकाऱ्यांच्या मोटारींनीं रानवाटा गजबजून गेल्या होत्या. शेजारी गृहस्थांनीं वहींतील कारणें एकत्र मांडलीं. वर बर्फ, म्हणून तो उतरणार. दक्षिणाभिमुख उतरणीवर बर्फ लौकर वितळतें व झुडपें उघडीं राहतात, म्हणून तेथें चरणार. वाटा गजबजलेल्या, म्हणून जेथें कोणी पाहत नाहीं तेथें बसणार. अशी जागा कोणती? सर्व शिकारी मोटार ठेवून जेथून वर चढूं लागतात त्या जागेपासून अर्ध्या मैलाच्या आंत, रस्त्याच्या अंगासच, एक अरुंद घळ होती. तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. बर्फांत त्यांस मोठ्या खुरांचा माग दिसला. ते घळींत शिरले नाहींत. समोरच्या टेकाडावर दोन संध्याकाळ बसले; आम्हीही बसलों. दुसऱ्या संध्याकाळीं, अंधार पडतां पडतां, झुडपांत एक आडवी रेघ हलली. मग कान दिसला. त्यास चीर होती. त्या क्षणीं आम्हांस जो आनंद झाला तो एखाद्या दुर्बोध श्लोकाचा अन्वय लागल्यावर होतो त्याच जातीचा होता.

घरीं मात्र या सर्वावर वाद चाले. आमच्या कुटुंबाचा आक्षेप सरळ होता. ज्याचें उठणें-बसणें, खाणें-पिणें इतक्या आपुलकीनें तीन महिने टिपून ठेवावयाचें, त्यासच अखेर गोळी घालावयाची, हा विश्वासघात नव्हे काय? चिरंजीवांमार्फत तिनें तो प्रश्न शेजारी गृहस्थांस विचारलाही. त्यांनीं लगेच उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं येऊन म्हणाले कीं, मी मांस खातों. दुकानांतल्या पुडक्यांतील जनावर कसें जगलें हें मला कळत नाहीं. जें मी स्वतः मारतों त्याचें तरी आयुष्य मला ठाऊक असावें. ठाऊक असल्यानें मारणें सोपें जातें कीं कठीण, असें तिनें पुन्हां विचारलें. ते म्हणाले, कठीण जातें, आणि तें कठीणच असावें. आमच्या कुटुंबाचें समाधान झालें नाहीं. पण त्या दिवसापासून त्यांच्याकडे डाळ-वांग्याची भाजी जाऊं लागली, हेंही खरें.

आमचें मत विचाराल तर आम्ही कुटुंबाच्या बाजूचे. तथापि दुसरी बाजू न मांडणें हें शिक्षकास शोभत नाहीं. त्या देशांत १९३७ सालच्या एका कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कर वन्य पशूंकरितां राखून ठेवला. तो उत्पादकाकडून घेतात, आणि त्याचें उत्पन्न राज्यांस वन्य पशूंच्या रक्षणाकरितां देतात. म्हणजे हरिणांच्या संगोपनाचा मोठा खर्च शिकारीच उचलतात. शिवाय शिकारी नसला तरी हरिणास मरण चुकत नाहीं. हिंवाळ्यांत खाण्यास शुष्क काटक्या. सर्व भिस्त शरदांत सांठविलेल्या चरबीवर. २००७-०८ च्या हिंवाळ्यांत गनिसनच्या खोऱ्यांत इतकें हिम पडलें कीं, सरकारी खात्यास हरिणांस खाद्य नेऊन घालावें लागलें. पुढें २०२२-२३ च्या हिंवाळ्यांत वायोमिंगच्या पश्चिम भागांत पट्टे बांधलेलीं पाडसें बहुतेक सर्व गेलीं, आणि प्रौढ माद्यांतही निम्म्याहून अधिक. त्यांतच एक असाध्य रोग आहे. १९६७ सालीं कोलोरॅडोंतील फोर्ट कॉलिन्स येथें बंदिस्त हरिणांत तो प्रथम दिसला. प्रियॉन नांवाच्या विकृत प्रथिनानें मेंदू सच्छिद्र होतो, आणि जनावर झिजून मरतें. तेव्हां गोळी नसती तर हें हरिण म्हातारपणीं सुखानें डोळे मिटतें, अशी समजूत कोणीं करून घेऊं नये. एवढें सांगूनही आम्ही म्हणूं कीं, मरण अटळ असणें निराळें आणि तें आपल्या हातून होणें निराळें. हा भेद आम्हांस पुसतां आला नाहीं.

हंगाम सुरू झाला. ठरल्याप्रमाणें आम्ही घरींच राहिलों. रोज रात्रीं ते येऊन हकीकत सांगत. पहिले तीन दिवस ते घळीकडे फिरकलेही नाहींत, कारण वारा त्यांच्या बाजूनें घळींत जात होता. पांच वर्षांनीं मिळालेल्या नऊ दिवसांतील तीन दिवस असे सोडून देणें किती कठीण, याची वाचकांनीं कल्पना करावी. एकदां वास लागला तर तो नर ती घळ कायमची सोडील, एवढेंच ते म्हणत. चौथ्या संध्याकाळीं वारा फिरला. नर बाहेर आला; दोनशें पावलांवर आडवा उभा राहिला. पण त्याच्या पाठीशीं एक मादी उभी होती. गोळी आरपार गेली तर तिलाही लागेल. ते थांबले. मादी हलली नाहीं. दहा मिनिटें, वीस मिनिटें. मग घड्याळांत साडेपांच वाजून गेले, आणि कायद्याची वेळ संपली. नर अजून तेथेंच होता, डोळ्यांस चांगला दिसत होता. त्यांनीं बंदुकींतील गोळी काढली आणि अंधार होईपर्यंत तसेच पडून राहिले, कारण उठले असते तर तो दचकला असता. मैलभरांत त्यांस पाहणारें कोणी नव्हतें. ती हकीकत ऐकतांना आम्हांस दशरथाची आठवण झाली. पाणी भरणाऱ्या घागरीचा नुसता शब्द ऐकून, लक्ष्य न पाहतां, त्यानें बाण सोडला. लक्ष्य काय आहे व त्याच्या पलीकडे काय आहे हें पाहिल्यावांचून बोट चालवूं नये, हा तेथील शिकारीच्या शिक्षणांतला आद्य पाठ आहे. तो पाठ कोसलाधिपतीस कोणीं दिला असता तर रामायण निराळें झालें असतें.

पांचव्या दिवसापासून नर दिसेना. नोव्हेंबरांत त्यांचा मीलनऋतु लागतो. मान फुगते, खाणें सुटतें, आणि चार महिने वारा पाहिल्यावांचून पाऊल न टाकणारा नर माद्यांमागें वाटेल तेथें भटकतो. वहींतील सर्व कारणें रद्द झालीं आणि एकच उरलें. शेजारी म्हणाले, आतां नर शोधावयाचा नाहीं, माद्या शोधावयाच्या. पाडसें घेऊन हिंडणाऱ्या माद्यांचा कळप कोठें राहतो याची नोंद त्यांच्या वहींत उन्हाळ्यापासूनची होती. आठव्या सकाळीं त्या कळपाच्या मागोमाग चिरला कान आला. एक गोळी. दहा पावलांत तो पडला.

त्या दिवशीं ते सायंकाळपर्यंत आमच्याकडे आले नाहींत. आपल्या मुलाच्या मदतीनें पाठीवर वाहून, तीन खेपांत त्यांनीं सर्व मांस खालीं आणलें. डोकें रोगाच्या तपासणीस दिलें, आणि दोन आठवड्यांनीं रोग नसल्याचें कळेपर्यंत त्या घरीं कोणी त्यास हात लावला नाहीं. रात्रीं आले तेव्हां त्यांनीं पराक्रम सांगितला नाहीं. वही उघडून शेवटची नोंद दाखविली. तारीख, वेळ, वारा. कारणाच्या सदरांत ‘माद्या’ एवढा एकच शब्द. आमचें कुटुंब आंत गेलें, तें देवापुढें निरांजन लावून बराच वेळ तेथेंच बसलें. आम्ही त्या गृहस्थांचें अभिनंदनही केलें नाहीं आणि निंदाही केली नाहीं, चहा दिला. त्यांनाही दुसरें कांहीं अपेक्षित दिसलें नाहीं.

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आली, आणि ती योग्यच आली असें आमचें मत आहे. परंतु शिकारीबरोबर तो शोधही आपण सोडून दिला कीं काय, अशी शंका मनांत येते. अंगणांतील बुलबुल घरटें कोणत्या महिन्यांत बांधतो, माळावरील टिटवी कोणास पाहून ओरडते, घरामागचें मुंगूस कोणत्या वेळीं बाहेर पडतें, हें किती घरांतील मुलांस सांगतां येईल? येथें परवाना लागत नाहीं, सोडत नाहीं, नऊ दिवसांची मर्यादा नाहीं. एक वही, थोडें मौन, आणि शेवटीं कारणाचें एक सदर एवढें पुरे. आमच्या नातवास आम्हीं अशी वही आंखून दिली; तींत आजवर कोऱ्या जागाच अधिक आहेत, आणि तें आम्हांस शुभचिन्ह वाटतें.

२०२० च्या सप्टेंबरांत शेजारी गृहस्थांचें पत्र आलें. त्या वर्षीं सोडतींत त्यांचें नांव लागलें नव्हतें. म्हणजे पुढील हंगामांत त्यांस बंदूक उचलण्याचा अधिकारच नव्हता. पत्रांत पुढें लिहिलें होतें कीं, त्याच उंच उतरणीवर दोन तरुण नर आले आहेत, एकाचीं शिंगें अजून मखमलींत आहेत, आणि दुपारीं ते सावली सोडून उन्हांत कां बसतात याचें कारण अद्याप लागलेलें नाहीं. म्हणून रोज पहाटे चार वाजतां निघावें लागतें.